व्हिएतनामची आजची चित्रकला: विषय, साहित्य आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनामच्या कलेवर स्लाइड दाखवून बोलायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न येतात. काही सभागृहात, काही रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, तर काही थेट हनोईच्या दुकानातून फोटोसकट: "हे घेऊ का?" म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, अवघड आणि अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे क्रमांक दिला आहे.

१. "समकालीन" व्हिएतनामी कला नेमकी कधीपासूनची धरायची?

बहुतेक जण १९८६ धरतात. त्या वर्षीच्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात "दोई मोई" म्हणजे नूतनीकरणाचं धोरण आलं आणि बाजार थोडा उघडला. त्याआधी उत्तरेत तरी चित्रकाराचं काम ठरलेलं होतं: शेतकरी, कामगार, सैनिक. बुई सुआन फाय (१९२०–१९८८) हनोईच्या जुन्या गल्ल्या रंगवत बसला. ना त्यात ट्रॅक्टर, ना झेंडा. अनेक वर्षं त्याला अधिकृत जगात जागा नव्हती. आज त्याच गल्ल्यांना लोक "फो फाय", म्हणजे फायचे रस्ते, म्हणतात.

पण पाळंमुळं १९२५ मध्ये आहेत. त्या वर्षी व्हिक्टर तार्द्यू हा फ्रेंच चित्रकार आणि त्याचा व्हिएतनामी सहकारी न्गुयेन नाम सोन यांनी हनोईत "इंडोचायना ललित कला विद्यालय" सुरू केलं. आपल्याकडे जे. जे. १८५७ मध्ये सुरू झालं होतं. वसाहतीच्या काळात निघालेली ही दोन कलाविद्यालयं, पण हनोईत एक वेगळी गोष्ट झाली. देवळांतल्या मूर्तींना आणि पाट्यांना लेप देणारं कारागिराचं माध्यम वर्गात आलं आणि त्यातून चित्रकलेची एक नवी जात जन्माला आली. ती कशी, ते प्र. ३ आणि ४ मध्ये.

२. सगळेच चित्रकार "न्गुयेन" कसे? आणि नावं लक्षात कशी ठेवायची?

देशातल्या साधारण दर तिघांतल्या एकाचं आडनाव न्गुयेन आहे, म्हणून. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी येतं, मग मधलं नाव, आणि माणसाचं स्वतःचं नाव शेवटी. हाक शेवटच्या नावाने मारतात. त्यामुळे "न्गुयेन यांचं चित्र" म्हणणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन "पाटलांचं घर कुठे?" विचारण्यासारखं आहे. परदेशात वाढलेले कलावंत कधी नाव आधी लिहितात, कधी नंतर, त्याला इलाज नाही. इथे नावं उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत. उत्तरेचा आणि दक्षिणेचा उच्चार वेगळा असल्याने त्यात थोडं इकडेतिकडे होणारच.

३. "सोन माय" म्हणजे आपल्या सावंतवाडीचं लाखकामच ना?

नाही. हा गैरसमज मी सर्वांत जास्त वेळा खोडला असेन.

सावंतवाडीच्या खेळण्यांवर आणि पाटांवर चढते ती लाख. ती किड्यांपासून मिळते, उष्णतेने वितळते आणि गार झाली की कडक होते. व्हिएतनामी लॅकर हा झाडाचा चीक आहे. उत्तरेकडच्या फू थो प्रांतात या झाडांची लागवड आहे. पहाटे अंधारात सालीवर चिरा पाडून चीक शिंपल्यांत धरतात. तो उष्णतेने वितळत नाही. एकदा धरला की पाणी, आम्ल, वाळवी कशालाच दाद देत नाही.

"सोन" म्हणजे लेप आणि "माय" म्हणजे घासणे. (सोनं आणि माय यांच्याशी संबंध नाही, जरी सोन्याचा वर्ख त्यात सढळ हाताने असतो.) नावातच अर्धी कृती आली. कारागीर लेप देतो, चित्रकार घासतो.

४. मग हे चित्र बनतं कसं? चकचकीत वार्निश मारलेलं साधं चित्र वाटतं.

इथे जरा थांबून वाचा. हे कळलं नाही तर बाकीचं नुसतं चकचकीतच वाटत राहील.

आधी पाट तयार करायचा. लाकडाच्या फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर चीक आणि माती यांचे थर, प्रत्येक थर घासून सपाट. त्याचा काळाभोर, आरशासारखा पाट झाला की मगच चित्र सुरू. हा काळा रंग काजळीचा नव्हे. चीक लोखंडी भांड्यात लोखंडी दांड्याने तासन्‌तास ढवळला की लोहाच्या क्रियेने काळा होतो. लोखंडाशिवाय ढवळला तर तपकिरी होतो, आणि त्या रंगाचं तिकडचं नाव आहे "झुरळाचा पंख". नाव ऐकून नाक मुरडू नका. झुरळ उजेडात धरलं तर पंखाचा रंग किती खोल असतो ते पाहा.

पांढरा रंग ही या माध्यमाची मोठी अडचण. चीक स्वतःच तपकिरी, त्यात कुठलाही पांढरा मिसळला की मळतो. म्हणून पांढऱ्यासाठी अंड्याचं कवच वापरतात, बहुतेक बदकाच्या अंड्याचं. कवचाचे तुकडे ओल्या लेपावर बसवून हलके ठोकले की त्यांना भेगा पडतात. भिंत, पांढरा पोशाख, चांदणं, सगळं त्या भेगांतून उभं राहतं. कवच भाजलं की पिवळसर तपकिरी छटा मिळतात. लाल रंग हिंगुळाचा. सोन्या-चांदीचा वर्ख हनोईजवळच्या किएउ की या गावात आजही हातोडीने कुटून तयार होतो.

आता खरी गंमत. तैलचित्रात शेवटचा हात वर दिसतो. सोन माय मध्ये चित्रकार जे दाखवायचं आहे ते आधी घालतो, मग त्यावर थरामागून थर चढवून ते बुजवून टाकतो. दहा-पंधरा थर सहज होतात, आणि प्रत्येक थर पूर्ण धरल्याशिवाय पुढचा देता येत नाही. शेवटी पाण्याखाली घासायला सुरुवात. काय वर येणार, किती येणार, कुठे थांबायचं, हा सगळा निर्णय घासण्यात असतो. एक हात जास्त पडला की खालचं सोनं गेलं, आणि ते परत येत नाही. शेवटची झिलई कोळशाच्या पुडीने आणि तळहाताने.

आणखी एक उलटी गोष्ट. हा लेप कोरड्या हवेत वाळत नाही. त्याला दमट, उबदार हवा लागते, कारण हे वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं नसून चिकातल्या एन्झाइमची क्रिया आहे. आपल्याकडे पापड वाळत नाहीत असे जे श्रावणातले दिवस, ते या माध्यमाला मानवतात. वर्षं जातात तसा लेप अधिक पारदर्शक होत जातो आणि खालचे रंग उजळतात. घरी आणलेलं चित्र दहा वर्षांनी जास्त उजळ दिसलं तर नजरेचा दोष समजू नका.

या माध्यमाचा मोठा माणूस म्हणजे न्गुयेन झा त्री (१९०८–१९९३). त्याचं "दक्षिण, मध्य, उत्तरेची वसंतबाग" हे २ मीटर उंच आणि ५.४ मीटर रुंद, नऊ फळ्यांचं काम १९६९ ते १९८९ अशी वीस वर्षं चाललं. ते आज हो ची मिन्ह सिटीच्या कलासंग्रहालयात आहे. त्याची पुढची कहाणी प्र. १९ मध्ये, आणि ती सुखाची नाही.

५. हा चीक अंगावर उततो म्हणतात, खरं का?

खरं, आणि मराठी माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. लॅकरचं झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. ज्याला कधी बिब्बा उतला आहे त्याने तो अनुभव आठवावा: खाज, सूज, फोड, डोळे मिटलेले. बिब्ब्यासारखंच इथेही एखाद्याला नुसत्या वासाने होतं आणि एखाद्याला हात बुडवूनही काही होत नाही. त्यावर व्हिएतनामी म्हण आहे: लॅकर चेहरा पाहून चावतं, भूत माणूस पाहून धरतं. पूर्ण धरलेल्या, जुन्या चित्राला हात लावल्याने मात्र सहसा काही होत नाही. भीती असते ती ओल्या चिकाची.

६. दुकानदार "जपानी लॅकर" म्हणाला. म्हणजे जास्त चांगलं ना?

उलट. झाडाच्या खऱ्या चिकाला तिकडे "सोन ता", म्हणजे आपलं लॅकर, म्हणतात. "सोन न्यात", म्हणजे जपानी लॅकर, हा कारखान्यात तयार होणारा पर्याय, आणि त्याचा आधार बहुधा काजूच्या टरफलाचं तेल. कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांची सालं काढणारं तेच ते. ते लवकर सुकतं, दमट हवेची अट नाही, रंग भडक येतात, स्वस्त पडतं. पर्यटकांच्या वाट्या, ताटल्या आणि बरीचशी भिंतीवरची चित्रं यातलीच.

ते वाईट असतं असं मी म्हणणार नाही. काही चांगले चित्रकारही ते जाणूनबुजून वापरतात. पण "सोन न्यात"ला "सोन ता"ची किंमत देऊ नका. तीनशे रुपयांच्या वाटीत फू थोचा चीक नसतो, एवढं गणित पुरे.

७. रेशमावरची चित्रं चिनी पद्धतीची आहेत का?

दिसायला जवळची, घडण वेगळी. चौकटीवर ताणलेल्या रेशमात पातळ रंग मुरू द्यायचा, धुवायचं, पुन्हा रंग, असं करत रंग धाग्याच्या आत जातो. न्गुयेन फान चान (१८९२–१९८४) यांचं १९३१ चं चित्र पाहा. चार मुली खाली बसून चौकोनांत खडे पेरण्याचा खेळ खेळतायत. सगळं माती, भात आणि काळ्या पायजम्यांच्या रंगात. पॅरिसला स्थायिक झालेल्या ले फो, माय त्रुंग थू यांनी रेशमावर गोड, नाजूक बायका रंगवल्या. आज लिलावात त्यांनाच मोठा भाव आहे. माझं मत विचाराल तर चानच्या त्या चार मुली या सगळ्यांना पुरून उरतात.

हल्ली न्गुयेन थी चाउ जांग सारख्या चित्रकार त्याच रेशमावर बाईचं शरीर, तिचं थकणं, तिचा राग आणतात. ज्या माध्यमात शंभर वर्षं सुंदर तरुणी बसवल्या, त्यातच हे येतं म्हणून बोचतं.

८. "झो" कागद काय आहे? जलरंगाच्या कागदासारखाच?

झो नावाच्या झुडपाच्या सालीपासून हाताने केलेला कागद. हलका, चिवट, तंतुमय. बाक निन्ह प्रांतातल्या दोंग हो गावची लाकडी ठशांची लोकचित्रं यावरच छापतात. त्यासाठी कागदावर शिंपल्याच्या पुडीचा हात देतात, त्याने एक मंद चमक येते.

१९९० च्या दशकात तरुण चित्रकारांनी हा कागद उचलला. कारण कलेचंही होतं आणि खिशाचंही: कॅनव्हास आणि तैलरंग महाग, झो हाताशी. त्रुओंग तान (जन्म १९६३) याने झोवर पुरुषांची नग्न, बांधलेली, एकमेकांत अडकलेली शरीरं काढली. स्वतःचं समलैंगिक असणं उघडपणे चित्रात आणणारा तो व्हिएतनाममधला पहिला कलावंत मानला जातो, आणि त्याची चित्रं प्रदर्शनातून उतरवलीही गेली. ले हिएन मिन्ह ही शिल्पकार तर कागद सपाट ठेवतच नाही. ती झोचीच शिल्पं करते.

९. हे सगळं हस्तकलेत मोडत नाही का? यात "समकालीन" ते काय?

प्रश्न रास्त आहे. लॅकर, रेशीम, झो हे सरकारलाही आवडतं, पर्यटकालाही, आणि "राष्ट्रीय परंपरा" या शिक्क्याखाली त्यात खूप साखरेचं काम होतं. कमळं, शंकूच्या टोप्या, पांढऱ्या आओ यायमधल्या (लांब झग्याचा पारंपरिक पोशाख) मुली. हनोईच्या हांग गाय रस्त्यावर चाललात तर त्याच मुली तुम्हाला दुकानादुकानातून भेटतील.

पण साहित्य स्वतःच काही बोलायला लागलं की गोष्ट बदलते. ह्यूस्टनला जन्मलेली आणि हनोईत शिकलेली फी फी ओआन हिने २००९ च्या "स्पेक्युला"मध्ये लॅकरच्या फळ्यांचा बोगदाच केला. चित्र भिंतीवर पाहायचं नाही, त्याच्या पोटात शिरायचं. बुई कोंग खान याने होई आनच्या कोरीव कारागिरांना घेऊन फणसाच्या लाकडाचा किल्ला उभारला. घरातला देव्हारा आणि छप्पर ज्यात घडतं त्या लाकडात तोफा आणि तटबंदी. ज्यांचं कोकणातलं घर फणसाच्या खांबांवर उभं आहे त्यांना यातला विपर्यास जास्त कळेल. मध्य पठारावरचा त्रुओंग कोंग तुंग दुधी भोपळ्याच्या वाळक्या तुंब्यांत पाणी भरून त्यात बुडबुडे सोडतो, आणि दालनभर जमिनीखालून कुणी बोलत असल्यासारखा आवाज येत राहतो. त्या पठारावर जंगल जाऊन कॉफी आली, रबर आलं. तुंबे त्याआधीपासूनचे.

१०. युद्धाशिवाय त्यांच्याकडे विषय नाहीत का?

आहेत: भात, शहर, देह, पूर्वज, नदी, धर्म, मूळ रहिवाशांच्या जमिनी. देशातले अनेक तरुण कलावंत युद्धाच्या प्रश्नाला कंटाळलेले असतात, कारण परदेशी क्युरेटर त्यांच्याकडून तेच मागतो. देशातल्या बहुसंख्य लोकांचा जन्मच १९७५ नंतरचा. तरीही पुढचं उत्तर मोठं आहे, कारण उत्तम काम तिथेही झालंय.

११. बरं, युद्ध कलेत येतं ते कसं? रणगाडे आणि रक्त?

फार कमी. बहुतेक वेळा ते साहित्यातून येतं.

दिन्ह क्यू. ले (१९६८–२०२४) कंबोडियाच्या सीमेवरच्या हा तिएनचा. ख्मेर रूज या कंबोडियातल्या राजवटीच्या हल्ल्यांमुळे १९७८ मध्ये कुटुंब पळालं आणि पुढे अमेरिकेत पोचलं. लहानपणी मावशीला गवताच्या चटया विणताना त्याने पाहिलं होतं. तीच वीण त्याने फोटोंना लावली. एक फोटो हॉलिवुडच्या युद्धपटातला, एक खऱ्या युद्धाचा. दोन्हींच्या पट्ट्या कापायच्या आणि उभ्या-आडव्या विणायच्या. जवळ गेलं की पट्ट्या, लांबून दोन आठवणी, आणि खरी कोणती ते सुटं करता येत नाही. त्याच्याच २००६ च्या तीन पडद्यांच्या व्हिडिओत शेतकरी हेलिकॉप्टरबद्दल बोलतात. एक बाई शेतातून पळाल्याचं सांगते, तर त्रान क्वोक हाय नावाचा स्वयंशिक्षित मेकॅनिक स्वतः हेलिकॉप्टर बांधतो, शेतीला आणि आजाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून. ते खरं हेलिकॉप्टर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलं होतं.

तुआन अँड्र्यू न्गुयेन (जन्म १९७६) क्वांग त्री प्रांतात गेला. तिथे आजही शेतात न फुटलेले बॉम्ब सापडतात आणि भंगारवाले ते गोळा करतात. २०२२ च्या त्याच्या चित्रपटात भंगारचं दुकान चालवणाऱ्या बाईला वाटतं की आपण मागच्या जन्मी अलेक्झांडर काल्डर होतो, तोच तो अमेरिकन शिल्पकार, अधांतरी डुलणारी शिल्पं करणारा. मग न्गुयेन बॉम्बच्या पत्र्याची तशीच डुलणारी शिल्पं करतो आणि बॉम्बच्या कवचाची घंटा. पुनर्जन्म इथे रूपक म्हणून येत नाही. त्या गावात तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, आणि आपल्यालाही तो कुणी समजावून द्यावा लागत नाही.

त्याच्याच गटाने, "प्रोपेलर ग्रुप"ने, २०१५ मध्ये व्हेनिसला पारदर्शक जेलचे ठोकळे दाखवले. त्यांत एके-४७ आणि एम-१६ यांच्या समोरासमोर आदळलेल्या गोळ्या थिजलेल्या. फुलासारख्या दिसतात. मला त्या सुंदर वाटल्या याची आजही थोडी लाज वाटते.

एक शब्दाचं: आपण ज्याला व्हिएतनाम युद्ध म्हणतो त्याला ते "अमेरिकन युद्ध" म्हणतात.

१२. पण यातले निम्मे परदेशात वाढलेले. त्यांना व्हिएतनामी म्हणायचं?

हा वाद तिकडेही चालतो. परतलेल्यांनी खूप काही उभं केलं हे नाकारता येत नाही. सायगावची (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव) "सान आर्ट" ही स्वतंत्र कलाजागा २००७ मध्ये दिन्ह क्यू. ले, टिफनी चुंग, तुआन अँड्र्यू न्गुयेन आणि फुनाम यांनी काढली.

कठीण उदाहरण यान वो (जन्म १९७५) याचं. चार वर्षांचा असताना वडिलांनी बांधलेल्या होडीतून कुटुंब निघालं, डॅनिश जहाजाने उचललं, आणि तो डेन्मार्कचा झाला. "वुई द पीपल"मध्ये त्याने स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा मूळ मापाचा घडवला, पण जोडला नाही. तांब्याचे सुमारे अडीचशे तुकडे, जगभर विखुरलेले. मला मात्र त्याचं दुसरं काम जास्त भिडतं. १८६१ मध्ये व्हिएतनाममध्ये शिरच्छेद झालेल्या एका फ्रेंच मिशनऱ्याने वडिलांना शेवटचं पत्र लिहिलं होतं. वोचे वडील ते सुरेख अक्षरांत पुन्हा पुन्हा उतरवतात आणि विकत घेणाऱ्याला टपालाने धाडतात. त्यांना फ्रेंच येत नाही. मुलाने बापाला दिलेलं हे काम बाप हयात असेपर्यंत चालणार, असा करार आहे.

हे व्हिएतनामी की डॅनिश? मी तरी यादीतून वगळणार नाही.

१३. "लेटर्स फ्रॉम पांडुरंगा" असं नाव ऐकलं. आपला पांडुरंग?

आपला नाही, पण नाव संस्कृतच. पांडुरंग हे चाम लोकांचं राज्य, आजच्या दक्षिण-मध्य किनाऱ्यावरच्या फान रांगच्या परिसरातलं. शिवभक्त राजे, विटांची देवळं. १८३२ मध्ये व्हिएतनामी सम्राट मिन्ह मांगने ते संपवलं. चाम लोक आजही तिथे आहेत, काही हिंदू परंपरेचे, काही मुस्लिम. पंढरपूरशी नातं जोडणारे संदेश मला येतात, ते कृपया पुढे पाठवू नका. भारताचा खरा आणि ताजा संबंध हवा असेल तर तो "मी सोन" या ठिकाणचा: तिथल्या चाम देवळांचं जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलं, आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं.

न्गुयेन त्रिन थी हिचा २०१५ चा हा चित्रपट एक बाई आणि एक पुरुष यांच्या पत्रांतून पुढे सरकतो. सरकारने त्याच भागात देशातले पहिले अणुप्रकल्प ठरवले होते. २०१६ मध्ये ते रद्द झाले, २०२४ मध्ये पुन्हा टेबलावर आले. थीची अडचण प्रामाणिक आहे: चाम लोकांच्या वतीने बोलणारी मी कोण? म्हणून तिचा कॅमेरा कधी फार जवळ जातो, कधी फार लांब उभा राहतो. जैतापूरची भाषणं ऐकलेल्या माणसाने पाहावा.

१४. भात आणि ताग इतके का दिसतात?

१९४४-४५ च्या दुष्काळामुळे. उत्तर व्हिएतनाममध्ये जपानी अंमल, वर फ्रेंच प्रशासन. भाताच्या जमिनीत ताग लावायची सक्ती, धान्याची वसुली, वादळं, बॉम्बहल्ल्यांनी तुटलेली वाहतूक. मृतांचे अंदाज ४ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातात. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चित्तोप्रसाद आणि झैनुल आबेदिन यांनी काढलेली रेखाटनं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. व्हिएतनाममध्ये युद्धांच्या गदारोळात ही आठवण मागे पडली.

थाओ न्गुयेन फान (जन्म १९८७) हिने २०१९ मध्ये "म्यूट ग्रेन" ही तीन पडद्यांची कृष्णधवल कलाकृती केली. भावंडांची नावं ताम आणि बा, म्हणजे आठवा आणि तिसरा महिना: जुनं धान्य संपलेलं, नवं आलेलं नाही, कर्ज काढायचे महिने. ती रेशमावर रंगवते, लॅकर वापरते, जुन्या पुस्तकांच्या पानांवर जलरंगात मुलं काढते. तिची मुलं खेळताना दिसतात. काय खेळतायत ते नीट पाहिलं की घास अडकतो.

१५. आजचं शहर चित्रात येतं का?

येतं, आणि मोटरसायकलवर बसून येतं. ऊ दाम त्रान न्गुयेन याने रंगीत रेनकोट घातलेल्या, दोरीने एकमेकांना बांधलेल्या स्वारांचा वॉल्ट्झ बसवला, आणि दुसऱ्या कामात सायलेन्सरच्या धुराने प्लॅस्टिकचे अजस्र साप फुगवले. हनोईच्या जुन्या सरकारी चाळींत लोक खिडकीबाहेर लोखंडी पिंजरा काढून खोली वाढवतात. ते दृश्यही बरंच दिसतं. गॅलरी बंद करून बेडरूम केलेल्या मुंबईकराला त्यावर टीप लागणार नाही.

१६. कम्युनिस्ट देश. कलावंतांना मोकळीक आहे?

सार्वजनिक प्रदर्शनाला परवाना लागतो आणि त्यासाठी कामांचे फोटो आधी द्यावे लागतात. २०२२ मध्ये हो ची मिन्ह सिटीत बुई चात याने परवान्याशिवाय अमूर्त चित्रं मांडली, तर अडीच कोटी डोंग दंड (भारतीय रुपयांत ऐंशी-नव्वद हजारांच्या आसपास) आणि वर २९ चित्रं नष्ट करण्याचा आदेश निघाला. अमूर्त चित्रं! त्यांत आक्षेपार्ह काय ते दाखवण्याची गरजच नव्हती, परवाना नाही एवढं पुरलं.

म्हणून खूप काही घरांत घडलं. हनोईत व्हू यान तान आणि नताशा यांचं "सलाँ नताशा" १९९० मध्ये त्यांच्या राहत्या खोलीत सुरू झालं. १९९८ मध्ये न्गुयेन मान दुक याच्या लाकडी खांबांवरच्या घरात, त्रान लुओंगच्या साथीने "न्या सान" सुरू झालं. २०१० मधल्या एका विवस्त्र सादरीकरणानंतर दबाव आला आणि ते बंद पडलं. तोच गट दुसऱ्या रूपात २०२२ ला जर्मनीतल्या कासेलच्या "डॉक्युमेंटा" या कलाप्रदर्शनात पोचला.

नियम चुकवण्याची तऱ्हाही कलेचा भाग झाली आहे. त्रान लुओंग उघड्या अंगाने उभा राहतो आणि प्रेक्षकांच्या हाती शाळेतल्या बाल-पायोनियरांचा लाल रुमाल देतो. त्याचा फटका मारायचा. अंगावर वळ उठतात. एक शब्द बोलावा लागत नाही.

१७. बनावट चित्रांचा सुळसुळाट आहे म्हणतात. ओळखायचं कसं?

तुम्ही-आम्ही नाही ओळखू शकत, आणि संग्रहालयंही फसली आहेत. २०१६ मध्ये हो ची मिन्ह सिटीच्या कलासंग्रहालयात युरोपातून "परत आलेली" १७ जुनी चित्रं मांडली. थान चुओंग हा चित्रकार पाहायला गेला, तर दुसऱ्या नामवंताच्या सहीखाली त्याचं स्वतःचं तरुणपणचं चित्र! तपासणीत १५ बनावट निघाली, उरलेल्या दोहोंवर खोट्या सह्या.

याची एक मुळी युद्धात आहे. बॉम्बच्या भीतीने हनोईच्या संग्रहालयाने मूळ कामं हलवली आणि भिंतीवर नकला टांगल्या, काही तर मूळ चित्रकारांनीच केलेल्या. नंतर मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे काही ठिकाणी गुंतलं ते गुंतलंच. त्यामुळे फाय, ले फो, माय त्रुंग थू या नावांचं "स्वस्तात मिळतंय" असं काही दिसलं तर पाठ फिरवा. माय त्रुंग थूचं एक व्यक्तिचित्र २०२१ मध्ये हाँगकाँगला ३१ लाख डॉलरला गेलं. एवढा पैसा जिथे आहे तिथे नकलाकारही असणार.

न्गुयेन झा त्रीच्या वसंतबागेचं (प्र. ४) दुखणं वेगळं. ते खरंच आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीरही आहे. त्याचं काय झालं ते शेवटच्या उत्तरात येईल.

१८. चार दिवस हाताशी आहेत. काय पाहू?

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी या दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत. हनोईत न्गुयेन थाय होक रस्त्यावरचं ललित कला संग्रहालय: पूर्वीचं फ्रेंच मुलींचं वसतिगृह, १९६६ पासून संग्रहालय. लॅकरच्या दालनाला निम्मा दिवस द्या आणि न्गुयेन सांगचं १९६३ चं काम, दिएन बिएन फूच्या (फ्रेंचांविरुद्धची १९५४ ची लढाई) खंदकात कम्युनिस्ट पक्षात घेतलेले जखमी सैनिक, चुकवू नका. प्रचारी विषय, पण लाल, काळा आणि सोनेरी यांतून तयार झालेलं मौन प्रचारी नाही. हनोईतच "मांझी" या कलाजागेत आजचं काम दिसतं. दक्षिणेत हो ची मिन्ह सिटीचं कलासंग्रहालय एका चिनी व्यापाऱ्याच्या वाड्यात आहे, रंगीत काचा आणि जुन्या लाकडी लिफ्टसकट. स्वतंत्र जागांचे पत्ते बदलत राहतात, निघण्याच्या आठवड्यात चौकशी करा.

१९. लॅकरचं चित्र आणलं. ठेवू कुठे आणि पुसू कसं?

ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीवर. पावसाळ्याची काळजी नको (कारण प्र. ४), एसीच्या झोताची करा, त्याने लाकडी पाट वाकतो. जुनी वस्तू असेल तर मुळात आणूच नका, पुरावस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

पुसायचं कोरड्या, मऊ सुती कापडाने, तेही क्वचित. कॉलिन, तेल, ओलं फडकं काही नको. धुळकट दिसतंय म्हणून उजळवायला तर मुळीच जाऊ नका. वसंतबाग अशीच उजळवायला काढली होती. भांडी घासायचं द्रव आणि बारीक सँडपेपर लावला, आणि २०१९ मध्ये तपासणीत निष्पन्न झालं की वीस वर्षांच्या त्या कामाची सुमारे ३० टक्के हानी झाली आहे.